तोंडाचा तुकडा

वहिनी एकदा बोलायला लागल्या की त्यांना थांबवायला जेवणाची घंटा तरी लागायची, नाहीतर वीज तरी जावी लागायची. आणि वीज गेली तरी त्या अंधारात बोलत राहायच्या, कारण त्यांच्या मते बोलायला उजेड लागत नाही. चित्रकोडी तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात पॅकिंगचं टेबल त्यांच्या ताब्यात होतं. मालक त्यांचे धाकटे दीर. त्या मालकांना 'भाऊजी' म्हणत, मालक त्यांना 'वहिनी' म्हणत, त्यामुळे कटिंग मशीनवरच्या काकांपासून चित्रं काढणाऱ्या बाईंपर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या होत्या. काकांना त्या वयाने मुलीसारख्या होत्या, पण वहिनी म्हणजे वहिनी.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. बाईंचं चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं, काकांनी ते मशीनच्या पात्यांखाली घालून कापायचं, वहिनींनी तुकडे पिशवीत भरून खोक्यात घालायचे. मधे एक पायरी होती. पात्यांच्या नव्या साच्याचं पहिलं कोडं बाजारात जाण्याआधी कुणीतरी पूर्ण जुळवून बघावं लागे, कारण कधीकधी दोन वेगळे तुकडे एकाच जागी चपखल बसतात. असा खोटा तुकडा कुणाच्या घरी निघाला की मुलं रडतात आणि त्यांचे बाप कारखान्याला फोन करतात. जुळवून बघायचं हे काम मौनीचं. तो कोडं उलटं जुळवायचा. चित्र खाली, करडा पुठ्ठा वर. चित्र डोळ्यांना फसवतं, आकार फसवत नाही, असं त्या धंद्यातले सगळेच मानतात.

मौनी हे त्याचं खरं नाव नव्हे, पण कारखान्यात त्याला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. तिशीतला, उंच, थोडा वाकून चालणारा. विचारलं तर उत्तर द्यायचा. एका शब्दात भागत असेल तर दोन खर्च करायचा नाही. पॅकिंगच्या टेबलामागे स्टोअररूम होती. तिच्यात पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमधे टेबल टाकून तो बसायचा आणि डबाही तिथेच खायचा. स्टोअररूमच्या लाकडी भिंतीत माल द्यायला-घ्यायला एक छोटी खिडकी होती, सरकत्या फळीची. ती फळी नेहमी बोटभर उघडी असायची. हवेसाठी असेल, असं वहिनींना वाटायचं.

त्याला कामावर आणलं होतं वहिनींनीच. कोपऱ्यावर कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवणारी त्याची थोरली बहीण एकदा वहिनींच्या कोटाला अस्तर लावता लावता म्हणाली होती, "वहिनी, माझा भाऊ दोन ठिकाणी टिकला नाही. कामात खोट नाही हो त्याच्या. लोक त्याला बोलतं करायला जातात, आणि हा उठून घरी येतो. तिसऱ्यांदा असं झालं तर तो पुन्हा कुठे जायचंच नाव काढणार नाही. तुमच्याकडे सांभाळाल?" वहिनींनी तिथल्या तिथे शब्द दिला होता. एरवी शब्दांची उधळपट्टी करणाऱ्या वहिनी दिलेल्या शब्दाच्या बाबतीत मात्र फार चिकट होत्या.

कारखान्याचा एक नियमही इथेच सांगून टाकलेला बरा. वहिनींच्या सासऱ्यांनी घालून दिलेला: अपुरं कोडं मोडायचं नाही. टेबलावर मांडलं की शेवटचा तुकडा बसेपर्यंत ते हलवायचं नाही, मग ताटं मांडीवर घेऊन जेवावं लागलं तरी बेहत्तर. सासरे गेले, मशीन बदललं, भाऊजींच्या डोक्यावरचे केस गेले, पण नियम राहिला.

तर एका दुपारी वहिनी आपल्या नणंदेच्या कपाटाची गोष्ट सांगत होत्या. हात पिशव्या भरत होते, तोंडाचा पट्टा चालू होता.

"दारभर आरसा असलेलं कपाट. आता माझ्या नणंदेला कोण सांगणार, की बाई गं, आधी जिना मोज? वळणावर अडकलं ते अडकलंच. ना वर, ना खाली. वरच्या मजल्यावर राहतात दातांचे डॉक्टर, ते वरच अडकले. आणि खालून आला त्यांचा पेशंट. गाल हा असा सुजलेला. समोर बघतो तर आरसा, आरशात त्याचाच गाल. माणूस घाबरणारच, खरं की नाही?"

'खरं की नाही' हे वहिनींचं पालुपद. त्याला कुणीतरी 'खरंय' म्हटल्याशिवाय गोष्टीची गाडी पुढे जात नसे. काकांनी 'खरंय' म्हटलं.

"तेवढ्यात कपाटाच्या वरच्या फटीतून डॉक्टरांचं डोकं दिसलं. आणि डॉक्टर म्हणाले—"

एवढ्यात टाळ्या वाजवत भाऊजी आत आले. लहान कारखानदारांसाठी कुठेतरी दिवसभराचं शिबिर होतं, विषय होता अबोल कर्मचाऱ्यांना आधार कसा द्यावा. भाऊजी दुपारच्या चहानंतर तिथून सटकले होते, त्यामुळे त्यांना अर्धंच शिबिर मिळालं होतं. अबोल माणसांकडे लक्ष द्या, हा भाग चहाच्या आधी झाला. लक्ष कसं द्यायचं, तो चहाच्या नंतर होता.

"आपल्याकडे अबोल कोण आहे?" भाऊजींनी विचारलं.

सगळ्यांच्या माना स्टोअररूमकडे वळल्या. फळी अलगद सरकली आणि पूर्ण बंद झाली.

"बघा," भाऊजी म्हणाले. "किती एकटं वाटत असेल त्याला."

आपण त्याच्या बहिणीला शब्द दिला आणि पोराला पुठ्ठ्यांच्या थप्प्यांत कोंडून ठेवलं, हे वहिनींच्या मनाला लागलं. नणंदेचं कपाट जिन्यात तसंच राहिलं आणि वहिनी कामाला लागल्या. त्या कामाला लागल्या की भल्याभल्यांची धडगत नसे.

आधी स्टोअररूम सुधारली. लाकडी भिंत काढून काच बसवली, म्हणजे त्याला सगळे दिसतील आणि सगळ्यांना तो दिसेल. पुठ्ठ्यांच्या थप्प्या हलवून सोफा ठेवला. दारावर बाईंनी सुंदर अक्षरांत पाटी रंगवली, 'मनमोकळी खोली'. मग सोबतीची पाळी ठरली. डबा खाताना रोज एकाने मौनीजवळ बसायचं आणि त्याला बोलतं करायचं. काकांच्या पाळीला काकांनी आपल्या गुडघ्याचा सगळा इतिहास सांगितला आणि विचारलं, "तुझा गुडघा कसा आहे?" मौनी म्हणाला, "बरा." बाईंनी विचारलं, "तुझा आवडता रंग कुठला?" मौनीने बराच विचार केला आणि म्हणाला, "करडा." बाई बिचाऱ्या दुपारभर खिन्न होत्या.

वहिनींच्या पाळीला तर कमाल झाली. "मनात काय आहे ते बोलून टाक बाबा. मन मोकळं केलं की बरं वाटतं, खरं की नाही?" असं म्हणून त्या त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या. मौनीने डब्याचं झाकण लावलं. त्याने अर्धाच डबा खाल्ला होता. आदल्या दिवशीही अर्धाच खाल्ला होता. वहिनींनी ते पाहिलं आणि ठरवलं, की आपले प्रयत्न कमी पडताहेत.

पुढची कल्पना कोणाची, यावर नंतर बरेच वाद झाले. काका म्हणत बाईंची, बाई म्हणत भाऊजींची. खरं सांगायचं तर ती वहिनींची होती. मौनीच्या फोटोचं भलंमोठं चित्रकोडं करायचं. शनिवारी काम संपलं की जेवायच्या लांब टेबलावर सगळ्यांनी मिळून ते जुळवायचं. एकेकाने एकेक तुकडा लावायचा आणि मौनीबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची. शेवटचा तुकडा मौनीने लावायचा आणि दोन शब्द बोलायचे. चित्रकोड्यांच्या कारखान्यात माणसावर प्रेम करायची दुसरी कुठली रीत असणार? कुठला तुकडा शेवटी ठेवायचा तेही वहिनींनीच ठरवलं. तोंडाचा.

शनिवारी मौनीला टेबलाच्या मधोमध उभं केलं. एकेक तुकडा बसत गेला. आधी कपाळ आलं, मग भुवया, मग डोळे. काका म्हणाले, "हा कधी माझ्या मशीनला नावं ठेवत नाही." बाई म्हणाल्या, "हा दार हळू लावतो." भाऊजी म्हणाले, "हा रजा घेत नाही," आणि लगेच, "म्हणजे घ्यावी, माझी ना नाही." सगळे हसले. मौनी आपल्याच चेहऱ्याकडे बघत होता, जणू एखादा अपघात बघत असावा. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेवटी टेबलावर त्याचा पूर्ण चेहरा झाला, फक्त ओठांच्या जागी भोक राहिलं, आणि वहिनींनी तोंडाचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"लाव आणि बोल," वहिनी म्हणाल्या. "घाई नाही. आम्ही सगळे थांबलोय."

सगळे थांबले. कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या शांततेत मौनीने मूठ मिटली, एकदा वहिनींकडे बघितलं, आणि दार हळू लावून तो निघून गेला.

सोमवारी वहिनींच्या फोनवर निरोप होता: 'आजपासून येणार नाही. किल्ली खुंटीला आहे.' मौनीच्या मानाने हे भाषणच होतं.

आता पंचाईत अशी, की कोडं अपुरं होतं, आणि अपुरं कोडं मोडायचं नाही. तोंडाचा तुकडा मौनीच्या खिशात गेलेला. काका म्हणाले, नवा तुकडा कापू. बाई म्हणाल्या, खोटा तुकडा बसवणार, आणि तोही त्याच्या चेहऱ्यात? तो बेत तिथेच बारगळला. जेवायला सगळे ताटं मांडीवर घेऊन टेबलाभोवती बसले आणि तो बिनतोंडाचा चेहरा त्यांच्याकडे बघत राहिला. अखेर भाऊजींनी त्यावर चादर घातली. तेव्हा ते आणखीनच वाईट दिसायला लागलं.

त्या संध्याकाळी वहिनी घरी गेल्या आणि गप्प बसल्या. त्यांचे यजमान, म्हणजे भाऊजींचे थोरले बंधू, स्वभावाने शांत गृहस्थ. त्यांनी वर्तमानपत्राचं एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग उठून वहिनींच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही," ते म्हणाले.

"मी कुठे म्हटलं आहे म्हणून?"

"तेच तर. काहीच म्हटलं नाहीस. मी मघापासून एकच ओळ वाचतोय. घर इतकं गप्प असलं की मला वाचता येत नाही."

वहिनींना भरून आलं, पण कशामुळे ते त्यांना नीट कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर त्या सरळ कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. दुकानाच्या मागेच बहीणभावाचं घर होतं, मधे एक दार, आणि ते बंद होतं.

"शब्द मोडला मी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सगळं सांगितलं. काच, सोफा, पाटी, काकांचा गुडघा, तोंडाचा तुकडा. काहीही गाळलं नाही. बहीण टाचण्या दातांत धरून ऐकत होती. शेवटी तिने टाचण्या काढून ठेवल्या.

"वहिनी, तुमच्याकडे तो इतके दिवस का टिकला, ठाऊक आहे?"

"कामात रमला म्हणून."

"काम सगळीकडे असतं. रात्री जेवताना तो मला तुमच्या गोष्टी सांगायचा. तुमच्या सासूबाईंनी पाहुण्यांच्या चहात साखर समजून मीठ घातलं, आणि पाहुणे भिडेखातर दुसरा कप पण प्यायले. तुमच्या जाऊबाई चुकून दुसऱ्याच्याच साखरपुड्यात जेवून आल्या. मला सगळं पाठ आहे. पूर्वी ज्या ज्या ठिकाणी होता, तिथलं त्याने मला कधी अवाक्षर सांगितलं नाही."

वहिनी खुर्चीत बसल्या. "मला वाटायचं, फळी तो हवेसाठी उघडी ठेवतो."

"हवेला मागे खिडकी आहे की तिथे."

वहिनींनी बंद दाराकडे बघितलं. पलीकडे तो होता. एरवी पाच पावलं चालून त्यांनी दार ठोठावलं असतं, समजावलं असतं, हात जोडले असते, काकुळतीला आल्या असत्या. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. त्या उठल्या आणि जरा मोठ्याने, पण दाराकडे पाठ करून म्हणाल्या, "त्याला सांग, भिंत परत लाकडाची करतोय. सोफा माझ्या घरी नेतेय. फळी असेल. यायचं असेल तर यावं, उत्तर नको आहे मला." आणि त्या खरोखरच उत्तराची वाट न बघता बाहेर पडल्या.

भिंत परत उभी राहिली. पुठ्ठ्यांच्या थप्प्या आपल्या जागी आल्या. पाटी बाईंनी स्वतः उतरवली. आणि एका सकाळी खुंटीवर किल्ली नव्हती, स्टोअररूमचं दार बंद होतं आणि आतून करडे तुकडे टेबलावर सरकल्याचा आवाज येत होता. वहिनींनी तोंडावर हात दाबून धरला.

भाऊजींनी सगळ्यांना एका कोपऱ्यात बोलावलं आणि कुजबुजत हुकूम सोडला, "आता कुणी एक अक्षर बोलायचं नाही. वहिनी, विशेषतः तुम्ही."

एरवी वहिनींनी या दिराला तिथेच सरळ केलं असतं. पण दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. बहिणीने काय सांगितलं ते त्यांना आठवत होतं, तरी त्यांची जीभ रेटेना. आपण तोंड उघडलं आणि तो पुन्हा निघून गेला तर? त्यांनी मूग गिळले. कारखान्यात अळीमिळी गुपचिळी सुरू झाली. काका मशीनचा दांडा अशा बेताने ओढायचे, जसं काही शेजारी बाळ झोपलंय. बाई ब्रश बुडवतानासुद्धा श्वास रोखायच्या. एकमेकांना हातवारे करून डिंक मागायचा, तर डिंकाऐवजी कात्री यायची. भाऊजींना फोन आला की ते धावत रस्त्यावर जायचे. वहिनी पिशव्या भरत होत्या आणि त्यांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते कळत होतं. अधूनमधून त्या फळीकडे बघायच्या. फळी बंद होती. दुसऱ्या दिवशीही बंदच, तिसऱ्या दिवशीही. हा काही राहायला आलेला नाही, वहिनींना वाटायला लागलं. हा उरलेलं काम संपवून जाणार.

त्या आठवड्याच्या शेवटी जेवणाच्या वेळी स्टोअररूमचं दार उघडलं. सगळे ताटं मांडीवर घेऊन बसले होते. मौनी टेबलाजवळ आला. त्याने चादर उचलली, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. स्वतःच्या बिनतोंडाच्या चेहऱ्याकडे त्याने क्षणभरच बघितलं. मग खिशातून तुकडा काढला आणि भोकात दाबून बसवला. फोटोतला मौनी ओठ घट्ट मिटून उभा होता. इतका खटाटोप करून शेवटी हे तोंड मिटलेलंच निघालं, हे वहिनींच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

कोडं पूर्ण झालं. पूर्ण झालेलं कोडं मोडायला हरकत नसते. मौनीने दोन्ही हात टेबलावर पसरले आणि आपला चेहरा कडेने गोळा करत सरळ खोक्यात लोटला. त्याच्या खांद्यांवरचा भार उतरलेला सगळ्यांना दिसला. वहिनींना वाटलं, संपलं. हिशेब चुकता केला पोराने, आता हा निघाला. त्यांनी घास ताटात ठेवला.

मौनी निघाला, पण बाहेरच्या दाराकडे नाही. स्टोअररूमच्या उंबऱ्यावर तो थांबला. त्याची पाठ सगळ्यांकडे होती.

"वहिनी," तो म्हणाला, "कपाटाचं अपुरं राहिलंय."

काकांच्या हातातला चमचा ताटात पडला. मौनीने स्वतःहून काढलेलं, कुणी न विचारता काढलेलं हे पहिलं वाक्य होतं. आणि पुढे दुसरंही आलं.

"तुम्ही बोला. मी असतो आत. मला फक्त विचारू नका."

दार हळू लागलं. मग लाकडी भिंतीत फळी सरकली, बोटभर नाही, चांगली वीतभर.

वहिनींनी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना सुरुवात कुठून करावी ते कळेना. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदराने पुसले. भाऊजी हातवारे करायला लागले, त्यांना वहिनींनी एका नजरेत गप्प केलं. मग खुर्ची किंचित फळीच्या बाजूला वळवून त्यांनी घसा साफ केला.

"तर डॉक्टरांचं डोकं फटीतून दिसलं. आणि डॉक्टर म्हणाले, 'मला काही खाली येता येत नाही. समोर आरसा आहे ना? आ करा, आणि उजवीकडून मोजत या. दुखेल तिथे थांबा.' तो बिचारा आ करून मोजायला लागला. मागे हमाल कपाट धरून उभे, ते पण त्याच्याबरोबर मोजायला लागले. माझी नणंद म्हणते, 'अहो, दात नंतर मोजा, आधी माझं कपाट काढा.' आता ज्याचा दात दुखतो त्याला कपाटाचं काय, खरं—"

वहिनी थबकल्या. 'की नाही' अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते मोठ्या कष्टाने, आवंढ्यासकट गिळलं. काकांना सवयीने 'खरंय' म्हणायचं होतं, पण बाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. आत एक तुकडा टेबलावर सरकला आणि टक्कन आपल्या जागी बसला.

मग फळीच्या आतून, न विचारता, सावकाश आवाज आला.

"हं."